सारिका, तू बुजवलेल्या खिंडाराबद्दल

सारिका,

काल सकाळी तुझ्या कॉलेजातून माणूस आला होता. आधी तो घोटावड्याला तुमच्या घरी गेला. तुझे आप्पा परगावी गेलेत, आणि तुझी आई शेरडं सोडायच्या गडबडीत होती. तुझा तेरावा होऊन अजून आठवडा झाला नाही, पण शेरडांना सुतक कळत नाही. तिने त्याला दारातूनच माझ्याकडे पिरंगुटला पाठवलं आणि मागोमाग सहा आसनी रिक्षात बसून स्वतःही आली.

त्याच्या हातात एक टाइप केलेला कागद होता. त्यावर तुझ्या आईचा अंगठा हवा होता. अंगठा दिला की तुझी मार्कलिस्ट आणि पास झाल्याचं सर्टिफिकेट कॉलेज लगेच सोडणार. नाही दिला तर ते जिथे अडकलंय तिथेच राहणार. कागदात काय होतं हे तुला सांगायला नको, तूच तो मजकूर आधी नाकारला होतास. फरक एवढाच की तेव्हा वाक्य 'मी' ने सुरू होत होतं, आता 'माझ्या मुलीने' असं होतं.

तुझ्याशी वाद घालताना शेवटचा शब्द मला कधी मिळाला नाही. आता तू उलट बोलणार नाहीस, पण म्हणून वाद संपला असंही नाही. कालच्या कागदाचं काय केलं ते तुला सांगायचं आहे, आणि ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

तू पहिल्यांदा माझ्या कॅफेत आलीस तेव्हा बाहेर अजून एस.टी.डी.ची पिवळी पाटी होती. मोबाइल आले, बूथ बसला, म्हणून मी केबिन काढून कॉम्प्युटर ठेवले होते. दहावीच्या निकालाचा दिवस होता. पोरांची ही झुंबड, आणि साइट उघडता उघडेना. तुझा नंबर लागला, निकाल आला, चांगला आला. दुसऱ्या कोणी उडी मारली असती. तू स्क्रीनकडे बघत राहिलीस आणि शेवटचा आकडा बदलून पुन्हा बटण दाबलंस. तुझ्या मागच्या बाकावरच्या मुलीचा निकाल आला. ती नापास होती, आणि ती बाहेर रांगेतच उभी होती.

तुझा चेहरा पडला. मला म्हणालीस, "तिला कळायच्या आधी मला कळलं. हे बरं न्हाई."

मी म्हटलं, उठ, मागे लोक थांबलेत. मला तेव्हा वाटलं, भित्री दिसतेय. तू भित्री नव्हतीस. दुसऱ्याचं उघडं पडलेलं तुला बघवत नसे, एवढंच. मग तू रोजच येऊ लागलीस. पुण्याहून येणारी एस.टी. पिरंगुटला सोडायची आणि घोटावड्याची गाडी यायला वेळ असायचा, तो वेळ तू माझ्याकडे काढायचीस. आधी नुसती बसून, मग की-बोर्ड पुसून, मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. बी.सी.एस.ला गेलीस तोवर माझ्या सगळ्या मशीनच्या आतलं तुला माहीत झालं होतं.

पासवर्डवरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं. त्या काळात पिरंगुट-घोटावड्याकडच्या कंपन्यांत नोकरी शोधणारी पोरं माझ्याकडे यायची, त्यांना ईमेल काढून द्यायचं काम माझं. पासवर्ड काय ठेवू म्हटलं की सगळे माझ्याकडे बघायचे. म्हणून मी सगळ्यांना एकच ठेवला. गावदेवीचं नाव आणि पुढे माझ्या दुकानाचा गाळा नंबर. कोणी विसरायला नको. एखादा कंपनीतून फोन करायचा, "ताई, माझा मेल उघडून बघा, इंटरव्ह्यूचं आलंय का," आणि मी बघून सांगायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. इथे लोक घराची किल्ली शेजारी ठेवून शेतावर जातात.

तू हे ऐकलंस आणि हसत सुटलीस. "मावशी, तुमी अख्ख्या पिरंगुटला एकच कुलूप लावलंय."

मी किल्लीचं उदाहरण दिलं. तू म्हणालीस, "किल्ली शेजारणीकडं ठेवत्यात. चौकात टांगत न्हाईत." मी म्हटलं, माझ्यावर लोकांचा विश्वास आहे. तू म्हणालीस, तुमच्यावर आहे, पण तुमच्या शेजारी बसून तुमची बोटं बघणाऱ्यावर पण आहे का? त्यावर मी तुला चहा आणायला पाठवलं. पुढचे कित्येक आठवडे येईल त्या माणसाला तू स्वतःचा पासवर्ड निवडायला लावत होतीस आणि ते टाइप करत असताना भिंतीकडे तोंड करून उभी राहत होतीस. लोकांना ती मोठी गंमत वाटायची. एक सुपरवायझर मला म्हणाला, तुमची ती धनगराची पोरगी बँकेच्या मॅनेजरसारखी वागते. मग निम्मे लोक पासवर्ड विसरले आणि शिव्या मी खाल्ल्या. तेही तुला ऐकवलं मी, पुन्हा पुन्हा.

कॅफेसाठी वेळ मोजणारं सॉफ्टवेअर तू दुसऱ्या वर्षाला असताना लिहिलंस. विकतचं होतं, पण तुला स्वतःचं करायचं होतं. वेळ संपली की मशीन सगळं पुसून टाकायचं: उघडे मेल, टाइप केलेली अक्षरं, सगळं. पुढच्या माणसाला मागच्याचं काही दिसू नये म्हणून. कल्पना चांगली होती. पहिल्याच आठवड्यात एका निवृत्त गुरुजींनी परदेशातल्या मुलाला लिहायला घेतलेलं लांबलचक पत्र त्यात पुसलं गेलं. एका बोटाने टाइप करत होते बिचारे. नुसते रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसले. ते बघून मी तुझ्यावर तडकले. म्हटलं, चोराला अडवायच्या नादात घरच्या माणसालाच बाहेर काढलंस की. तू वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी वेळ संपण्याआधी घंटा वाजेल अशी सोय केलीस आणि गुरुजींच्या शेजारी बसून, ते सांगतील तसं पत्र पुन्हा टाइप करून दिलंस. तू ऐकायचीस. हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की तू नुसती हट्टी होतीस.

आणि ते दोन जुने कॉम्प्युटर. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुपारी तू ते एकमेकांना जोडून बसायचीस. एक शेरडू, एक लांडगा. लांडग्याच्या खुर्चीत बसून शेरडाच्या मशीनमध्ये घुसायचा मार्ग शोधायचा, सापडला की उठून शेरडाच्या खुर्चीत जायचं आणि तो मार्ग बंद करायचा. मी म्हणायची, कोणी जिंकलं तरी हरणार तूच. "दोन्हीकडनं बसल्याशिवाय कळत न्हाई मावशी," असं तुझं उत्तर. इंग्रजी प्रिंटाउटचे गठ्ठे घेऊन बसायचीस, कठीण शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून. डोंगरापलीकडे हिंजवडीत मोठ्या कंपन्यांना हेच काम करणारी माणसं लागतात, हे तुला कुठूनसं कळलं होतं. तुझ्या आप्पांनी विचारलं, तिथं जाऊन नेमकं करणार काय. तू म्हणालीस, राखण. ते म्हणाले, "राखणच करायची हुती तर शाळंत कशाला घातली? शेरडं काय दुसऱ्याची हायेत?" हे मला सांगताना तू इतकी हसलीस की चहा नाकात गेला.

आता त्या शनिवारचं.

तुझं शेवटचं वर्ष. कॉलेजने स्कॉलरशिपचे फॉर्म पहिल्यांदाच स्वतःच्या साइटवर घेतले होते. फोटो, मोबाइल नंबर, जातीचा दाखला, घरचं उत्पन्न, वडील हयात आहेत की नाहीत, सगळं त्यात. तुझ्या वर्गातल्या मुलींना अनोळखी फोन येऊ लागले. फोन करणाऱ्याला त्यांची नावं ठाऊक, गावं ठाऊक, वडील नाहीत हेही ठाऊक. तुझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलीला तिच्या चुलत्याने त्या फोनांपायी कॉलेजातूनच काढून घेतलं. तू माझ्याकडे येऊन तो फॉर्म उघडलास आणि दहावीच्या वेळी केलं होतंस तेच केलंस. वर दिसणाऱ्या साइटच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला. दुसऱ्या मुलीचा फॉर्म आला. आणखी बदलला. आणखी एक. मी शेजारीच उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. मुलींचे फोटो रस्त्यावर ठेवावेत तसे उघडे होते.

तू ऑफिसला फोन लावलास. त्यांनी सांगितलं, सर गावाला गेलेत, सोमवारी या. साइट बनवणाऱ्याचा फोन कोणी उचलला नाही. मी म्हटलं, झालं तुझं काम, सांगितलंस, आता सोमवारी जाऊन पुन्हा सांग. आणि मी गिऱ्हाइकाकडे वळले.

परत आले तोवर तू साइटच्या आतल्या दरवाज्याशी बसली होतीस. पासवर्ड तुला पहिल्याच झटक्यात सापडला होता. कॉलेजचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. माझ्याच कॅफेत शिकलीस ना, लोक पासवर्ड कसे ठेवतात ते. आत फॉर्मचं पान बंद ठेवायची सोय होती, ती तू वापरलीस. बाकी कशाला हात लावला नाहीस. आणि बंद पानावर पाटी लावलीस, की या पानावरून सगळ्यांचे फॉर्म कोणालाही दिसत आहेत, म्हणून ते बंद केलं आहे, दुरुस्त झालं की उघडा. खाली तुझं नाव, वर्ग, रोल नंबर.

ते नाव बघून मला काय वाटलं ते सांगते. मूर्ख मुलगी, असं वाटलं.

तेव्हाच बोलले मी. म्हटलं, सांगायचं काम तुझं होतं, हात लावायचं नव्हतं. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मीच काहीतरी विचित्र बोलतेय. म्हणालीस, "मावशी, शेरडं कुणाच्या कुंपनाच्या खिंडारातनं आत शिरली, तर आमी काय करतो? आधी बोराटी लावून खिंडार बुजवतो, मंग मालकाला सांगाय जातो. आधी सांगत बसलो तर तंवर शेत ऱ्हातंय व्हय?"

मी म्हटलं, ते शेत आहे, हे कॉलेज आहे.

"शेतवाला पन शिव्याच देतो," तू म्हणालीस. "पर चोर म्हनत न्हाई."

तुमच्यात ही रीत आहे हे मला माहीत होतं. आमच्या प्लॉटच्या तारेलाही एकदा अशीच बोराटी, बोरीच्या काट्यांची फांदी, लावलेली होती, आणि संध्याकाळी आप्पा दारात, तुमची तार तुटलीय म्हणून सांगायला. मी त्यांना चहा दिला होता. पण कॉलेजच्या ऑफिसात शेळ्या राखणारे नसतात, सारिका. त्यांना तुझी बोराटी दिसली नाही, आत शिरलेली तू दिसलीस. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसांत पान बंद राहिलं, पालक आरडाओरडा करू लागले. साइट बनवणाऱ्याने लिहून दिलं की आमच्यात काही दोष नव्हता, एका विद्यार्थिनीने चोरून आत शिरून नुकसान केलं. त्यांना शोधावंही लागलं नाही. नाव तूच लिहून ठेवलं होतंस.

तुझ्यापुढे माफीनामा ठेवला गेला. मी 'चोरून' आत शिरले आणि नुकसान केले, असं त्यात होतं. सही कर, परीक्षेला बस, विषय संपला. तू घरी न जाता आधी माझ्याकडे आलीस. मी वाचलं आणि म्हटलं, कर सही. मी आजही तेच म्हणेन. एक शब्द गिळायचा आणि डिग्री घेऊन बाहेर पडायचं. कोणी विचारत नाही नंतर. हिंजवडीत नोकरी लागली की त्या ऑफिसातल्या लोकांना तू आठवणारही नाहीस, आणि ते तुला आठवणार नाहीत. तू विचारलंस, 'चोरून' हा शब्द काढतील का? तेवढा काढला तर नुकसानीची माफी मागते, पान बंद राहिलं हे खरं आहे. त्यांनी काढला नाही. तू सही केली नाहीस.

परीक्षा विद्यापीठाची, ती तू दिलीस. पास झालीस हे मी माझ्याच मशीनवर बघितलं. मार्कलिस्ट मात्र कॉलेजने अडकवून ठेवली. हिंजवडीतल्या एका कंपनीने तुला निवडलं, कागदपत्रं घेऊन या म्हणाले. कागदपत्रं नव्हती. ती जागा गेली. त्या दिवशी आपण शेवटचं कडाकडा भांडलो. मी म्हटलं, एका शब्दापायी आयुष्य अडवून बसलीस. तू म्हणालीस, "तुमी माझ्या जागी असता तर सही केली असती?" मी म्हटलं, डोळे मिटून केली असती. तू नेहमीसारखं उलट उत्तर दिलं असतंस तर बरं झालं असतं. गाडी आली आणि तू गेलीस. पुढे काही दिवस आलीस, कामाचं बोलायचीस, त्या विषयावर दोघीही गप्प.

मग स्वाइन फ्लूची साथ आली. पुण्यात सगळे तोंडाला फडकी बांधून फिरत होते. तुला ताप आला तेव्हा घरच्यांना पावसाळी वाटला, मलाही तसाच वाटला. चार दिवसांनी श्वास पुरेना. मी दवाखान्यात आले होते, पण आत सोडत नव्हते. तुझ्या आईला तेवढं आत जाऊ देत होते, तोंड बांधून. मी तिच्याबरोबर निरोप पाठवला की बरी हो, मग बघू. तो तुझ्यापर्यंत पोहोचला का, तू काही म्हणालीस का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही. 'मग बघू' म्हणजे काय बघणार होते, हे माझं मलाच नक्की माहीत नव्हतं. तू बरोबर होतीस की मी, हे मला ठरवता आलेलं नाही, एवढं तरी तुला सांगायला हवं होतं. ते राहिलं.

तर काल.

कॉलेजचा माणूस वाईट नव्हता. शिपायाचा क्लार्क झालेला, पन्नाशीचा, घामाघूम झालेला. मी पंखा लावला, पाणी दिलं. त्याने सरळ सांगितलं की फोन आलेल्या मुलींच्या पालकांनी वर तक्रार केली आहे, वरून कॉलेजला खुलासा मागितलाय. मुलीच्या घरच्यांनी हे दिलं की फाइल बंद होईल. तुझ्या आईला म्हणाला, आई, सर्टिफिकेट तुमच्या हातात देतो, आत्ता बरोबर आणलंय. आणि खरंच पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. प्लास्टिकच्या पाकिटात. तुझं नाव इंग्रजीत.

तुझ्या आईने ते पाकीट उचललं नाही. त्यावर नुसता हात ठेवला. मग मला म्हणाली, "ताई, काय लिवलंय ते वाचा. मंग अंगठा देते. पोरगी गेली, आता निदान तिचं शिकल्यालं तरी घरात ऱ्हावं."

मला वाटलं होतं मी वाचीन आणि म्हणेन, द्या अंगठा. माझं मत तेच होतं. वाचायला लागले. माझी मुलगी कुमारी सारिका हिने महाविद्यालयाच्या संकेतस्थळात, आणि तिथे मी थांबले. पुढचा शब्द तिच्या आईला ऐकवायचा होता. त्या माणसाला वाटलं मला अक्षर लागत नाही, म्हणून तो मदतीला वाकला आणि म्हणाला, "चोरून. चोरून प्रवेश केला."

तुझ्या आईने विचारलं, "काय चोरलं तिनं?"

तो म्हणाला, चोरलं असं काही नाही, ती लिहायची पद्धत असते. मग मला हळूच म्हणाला, "मॅडम, समजवा त्यांना. तिला आता काय फरक पडणार आहे?"

हे वाक्य मी बोलले असते. गेले सहा महिने मी तुला वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगत होते, की काय फरक पडतो. पण तू होतीस तेव्हा फरक पुढे भरून काढता आला असता. चांगली नोकरी केली असतीस, लोकांनी तुझं काम बघितलं असतं, त्या कागदावर चार गोष्टी वर चढल्या असत्या आणि तो खाली गेला असता. मी तुला सही कर म्हणत होते ते या हिशेबाने. आता वर चढायला काही नाही. तू काय होतीस ते सांगणारा कागद एवढा एकच राहणार आणि त्यात तो शब्द असणार. हिशेब बदलला होता. मन वगैरे नाही बदललं माझं, हिशेब बदलला.

मी तुझ्या आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिला अर्धंच माहीत होतं, कॉलेजात काहीतरी भांडण झालंय एवढं. फोटो कसे दिसत होते, फोन कसे येत होते, तू ऑफिसला कसं कळवलंस, मग पान कसं बंद केलंस आणि खाली नाव लिहिलंस. तिने मधे एकदाच विचारलं, "मालकाला आधी सांगितलं हुतं?" मी म्हटलं, फोन केला होता, माझ्यासमोर. हेही सांगितलं की अंगठा दिला तर सर्टिफिकेट आज मिळेल आणि नाही दिला तर कदाचित कधीच मिळणार नाही. मी तुमच्या जागी नाही, तुम्ही म्हणाल तसं करू.

तिने मग पाकिटावरचा हात काढला. म्हणाली, "जे झालं त्येच लिवा. त्याला अंगठा देते."

मी कॉम्प्युटर सुरू केला आणि टाइप केलं. अमुक पानावर सगळ्यांचे फॉर्म उघडे होते, ते सारिकेने पाहिले, ऑफिसला फोनवर कळवले, साइट बनवणाऱ्याला कळवायचा प्रयत्न केला, आणि मुलींना त्रास होत असल्याने पान बंद करून स्वतःचे नाव लिहून ठेवले. परवानगी न घेता बंद केले आणि त्यामुळे फॉर्म भरणाऱ्यांची गैरसोय झाली, याबद्दल दिलगीर आहोत. ते शेवटचं वाक्य माझ्या आग्रहाने घातलं. तू म्हणशील, कशाला. कारण ते खरं आहे, आणि तूही ते मान्य केलं होतंस. तुझ्या आईने अंगठा दिला. खाली मी सही केली: हे सर्व माझ्या कॅफेत, माझ्या समक्ष घडले. कॅफेचा शिक्का मारला. तो माणूस म्हणाला, मॅडम, तुम्ही कशाला अडकताय, उद्या पोलिसांनी कॅफेला टाळं लावलं तर? मी म्हटलं, लावू दे, आधीचा एस.टी.डी.चा धंदाही बसलाच होता. त्याला हा कागद न्यायचा नव्हता. मी म्हटलं, नेऊ नका, पोस्टाने येईल. मग पोच देऊन नेला. सर्टिफिकेटही परत पिशवीत घातलं, सावकाश, पाकिटाचा कोपरा दुमडू नये म्हणून जपून.

तुझं-माझं भांडण मिटलेलं नाही, हे नीट समजून घे. मी अजूनही म्हणते की तू हात लावायला नको होतास. सोमवारपर्यंत थांबली असतीस तर आज हिंजवडीला जात असतीस. तापाचं सांगता येत नाही, पण नोकरी मिळाली असती. आणि मी अजूनही म्हणते की त्या दोन दिवसांत आणखी किती मुलींना फोन गेले असते, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दोन्ही म्हणते. तू असतीस तर म्हणाली असतीस, मावशी, एक काय ते ठरवा.

आज सकाळी त्या माणसाचा फोन आला. साहेबांनी तो कागद फाइलला लावून घेतला, पण मान्य केला नाही. सर्टिफिकेट मिळणार नाही, निदान इतक्यात नाही. बोलताना त्याचा आवाज उतरलेला होता. मी घोटावड्याला गेले, फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. तुझी आई गोठ्यापाशी होती. मी जसंच्या तसं सांगितलं. तिने विचारलं, "आपलं लिवल्यालं फाडलं का त्यांनी?"

म्हटलं, नाही. फाइलला लावलंय. पोच घेतलीय मी.

"मंग कुनी वाचलं तर त्येला कळंल?"

म्हटलं, कळेल.

ती म्हणाली, "बरं," आणि शेरडं सोडायला गेली.